हातात दोनच वर्षं असताना घर कुठलं घ्यावं

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तुला लगेच दिसेल. क्युपर्टिनोच्या डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून तुला यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बर्कलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाय. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा. राहायला तीन जागा आहेत. विद्यापीठाचं ट्रान्सफर, म्हणजे तुझ्यासारख्या दुसऱ्या कॉलेजातून मधल्या वर्षाला आलेल्या, विद्यार्थ्यांसाठी राखलेलं अपार्टमेंट, कॅम्पसच्या पश्चिम कडेला, महिना १,७०० डॉलर, करार नऊ महिन्यांचा. कॅम्पसच्या दक्षिणेला, साउथसाइडला एका जुन्या घरातली खोली, महिना १,२५०, लीज (भाडेकरार) बारा महिन्यांची. तिघं मुलं आधीपासून राहतात, त्यांना चौथा हवाय आणि रविवारपर्यंत उत्तर हवंय. आणि तिसरी जागा फ्रीमॉन्टला मामांचं घर, जिथं भाड्याचा प्रश्नच नाही. आईबाबांना वाटतं मामांकडे राहावं. तुझं मन साउथसाइडच्या घरात अडकलंय.

माझं उत्तर: पहिलं वर्ष विद्यापीठाच्या अपार्टमेंटमध्ये काढ. दुसऱ्या वर्षी बाहेर पड, आणि तेव्हा घर आणि माणसं दोन्ही स्वतः निवड. ते महाग दिसतं हे मला माहीत आहे. तरीही हेच का, ते नीट सांगते.

मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या हाउसिंग ऑफिसात मी सतरा वर्षं काम केलं. पहिली सहा वसतिगृहांकडे होते, नंतरची अकरा ऑफ-कॅम्पस कक्षात. तिथं मुलांच्या लीज वाचून द्यायच्या, घरमालकांशी बोलायचं, रूममेटची भांडणं मिटवायची, हेच काम. दर ऑक्टोबरात जी मुलं माझ्यासमोर येऊन बसायची त्यांत ट्रान्सफर होऊन आलेली फार असायची. त्यांचा घोळ बहुतेक एकच असे. त्यांनी घर निवडलेलं असायचं भाडं बघून आणि खोली बघून. आपल्याला इथं किती कमी वेळ मिळणार आहे, हा हिशोब त्यात कुठं नसायचा.

अठराव्या वर्षी आलेल्या मुलाला आठ सेमिस्टर मिळतात, तुला चार. त्याचं पहिलं वर्ष चुका करण्यात आणि माणसं जोडण्यात गेलं तरी चालतं, विद्यापीठानं ते वर्ष त्यासाठीच आखलेलं असतं. तू उतरशील ते थेट वरच्या वर्गात. तिथल्या मुलांचे अभ्यासाचे गट आधीच ठरलेले असतात. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे करिअर फेअर मोठ्या विद्यापीठांत बहुधा सप्टेंबरातच होतात, म्हणजे तू अजून इमारतींची नावं पाठ करत असशील तेव्हा. म्हणून पहिल्या वर्षाच्या घराकडून तुला एकच गोष्ट हवी: हुकलेली ती दोन वर्षं थोडी तरी भरून निघावीत. चौरस फूट, बाल्कनी, मोठं किचन हे सगळं त्याच्या मागे.

एक मुलगा मला कधी विसरता येणार नाही. कम्युनिटी कॉलेजात सगळीकडे ए मिळवलेला. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. तो आला लीज मोडता येते का हे विचारायला. घर चांगलं होतं, स्वस्त होतं, शांत होतं. कॅम्पसपासून तीन मैलांवर दोन पीएचडीवाल्यांबरोबर राहत होता. दोघंही सज्जन. मग मोडायचं कशाला, मी विचारलं. त्यानं सांगितलं की त्याच्या थर्मोडायनॅमिक्सच्या वर्गातली पाच-सहा मुलं रोज रात्री नऊला लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर बसतात आणि होमवर्कचे प्रश्न एकत्र सोडवतात. याची शेवटची बस सव्वादहाची. दहाला पाच कमी असतानाच तो दप्तर आवरायला लागे, आणि अवघड प्रश्न नेमका त्यानंतर सुटे. पुढं त्यांनी त्याला बोलवायचंच सोडलं. त्यात वाईट कुणाचं नव्हतं, एवढ्या लवकर उठणाऱ्याला किती वेळा विचारणार. त्यानं फोन काढून माझ्यापुढं धरला. सात आठवड्यांत या गावातले चार नंबर जमले होते: घरमालक, दोन रूममेट आणि बसची चौकशी. त्या फोनच्या पडद्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकायला मिळालं नव्हतं.

पहिल्या सत्रात मार्क घसरतात याला जुनं नाव आहे, ‘ट्रान्सफर शॉक’. जॉन हिल्स यांनी १९६५ साली ते वापरलं. ज्युनिअर कॉलेजातून, म्हणजे तुझ्यासारख्या दोन वर्षांच्या कॉलेजातून, मोठ्या विद्यापीठात गेलेल्या मुलांचा जीपीए (मार्कांची सरासरी) पहिल्या सत्रात खाली येतो आणि पुढं बहुतेकांचा बराचसा सावरतो, असं त्यांना दिसलं होतं. ही घसरण तुझ्या वाट्याला आली तर स्वतःला कमी समजू नकोस. पण ती होत असताना आजूबाजूला विचारायला कुणी आहे की नाही, हे मात्र तू आज जी सही करशील तिच्यावर बरंच ठरतं.

आता मामांचं घर. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या घरांत हा विषय पैशापेक्षा नात्याचा होतो आणि नाही म्हणणं जड जातं.

फ्रीमॉन्टहून डाउनटाउन बर्कलीला बार्टची, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेची, थेट गाडी आहे, गाडी बदलावी लागत नाही. म्हणून नकाशावर ते सोपं दिसतं. पण दारापासून दारापर्यंतचा वेळ मोज. मामांच्या घरापासून स्टेशन, गाडीची वाट, गाडीतला पाऊण तास, आणि उतरल्यावर कॅम्पसचा चढ. तुझी बरीच कामं एचेव्हेरी हॉलमध्ये असतील. ती इमारत उत्तरेला, हर्स्ट ॲव्हेन्यूच्या पलीकडे आहे आणि स्टेशनपासून तिथपर्यंत चांगली वीसेक मिनिटांची चढण आहे. एका बाजूला सव्वा तास धर. जाऊन येऊन अडीच, आठवड्यातले चार दिवस म्हणजे दहा तास, पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये दीडशे तास. यूसीच्या नियमाप्रमाणे एका युनिटला (क्रेडिटला) आठवड्याला तीन तास काम धरलेलं असतं, म्हणजे चार युनिटच्या एका कोर्सला सेमिस्टरभरात एकशे ऐंशी तास. तू जवळजवळ एक अख्खा कोर्स गाडीत बसून करणार आहेस. गाडीत वाचीन असं सगळेच म्हणतात. थोडं वाचूनही होतं. पण मशीन शॉपमधलं काम गाडीत होत नाही, आणि टीएच्या, म्हणजे साहाय्यक शिक्षकाच्या, ऑफिस अवर्समध्ये शेजारी बसलेल्या मुलाशी होणारी ओळखही होत नाही.

दुसरं, मामी. त्या तुला काही म्हणणार नाहीत, मला खात्री आहे. जेवायला थांबतील, ताट झाकून ठेवतील, रात्री अकराला दार उघडायला उठतील. आणि त्यामुळेच तू आठ वाजल्यापासून घड्याळाकडे बघायला लागशील. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांत हे मी सारखं बघितलं. त्यांना जाच असा कुणाचाच नव्हता. माया होती, आणि त्या मायेचा मान राखायला ती रोज लवकर निघायची.

म्हणून मामांना आईमार्फत निरोप नको, स्वतः फोन कर. सांग की दर दुसऱ्या शनिवारी येईन, हिवाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडेच राहीन आणि उन्हाळ्यात सामान तुमच्या गॅरेजमध्ये ठेवीन. हे नुसतं गोड बोलणं नाही. बऱ्याच विद्यापीठांची काही वसतिगृहं डिसेंबरच्या सुट्टीत बंद असतात, काही ठिकाणी त्या दिवसांचे वेगळे पैसे पडतात. तुझ्या करारात सुट्टीबद्दल काय लिहिलंय ते बघ. नऊ महिन्यांचा करार संपला की मेमध्ये सामान ठेवायलाही जागा लागतेच. तासाभराच्या अंतरावर आपलं घर असणं ही मोठी गोष्ट आहे, फक्त रोजच्या मुक्कामासाठी ते नको.

एक अपवाद मानते. पैशाची ओढाताण इतकी असेल की भाड्यापायी एखादं सेमिस्टर सोडावं लागेल, तर मामांकडेच राहा, त्यात कमीपणा काही नाही. मग एवढं कर: सगळे वर्ग तीन दिवसांत बसव, त्यातले दोन दिवस रात्री उशिरापर्यंत कॅम्पसवर थांबायचं हे मामींशी आधीच ठरवून टाक, आणि तेवढ्या दोन रात्री कुणाच्या तरी सोफ्यावर झोपायची सोय बघ.

आता तुझं साउथसाइडचं घर. ती मुलं चांगली असतील. पण तिघंही दोन वर्षं एकत्र राहिलेली आहेत, हे तूच लिहिलंयस. त्यांचे मित्र ठरलेत, कुठल्या शुक्रवारी कुठं जायचं हे ठरलंय, फ्रिजमधला कुठला कप्पा कुणाचा हेही ठरलंय. त्यांना चौथा मित्र नकोय, चौथ्या खोलीचं भाडं भरणारा हवाय. यात त्यांचा दोष नाही. पण तुझी गरज वेगळी आहे. ट्रान्सफर अपार्टमेंटमध्ये तुझ्या आजूबाजूचा प्रत्येक जण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तुझ्याइतकाच नवखा असेल. आपले जुने क्रेडिट कुठल्या कोर्सऐवजी धरले जातात, ॲडव्हायजरची वेळ कशी मिळते, अमक्या प्राध्यापकाचं प्रोबॅबिलिटी घ्यावं की नको, हे प्रश्न तिथं जिन्यात भेटणाऱ्यालाही पडलेले असतात. विचारताना संकोच वाटत नाही.

विद्यापीठांना हे उशिरा कळलं. वर्षानुवर्षं आधी पहिल्या वर्षाच्या मुलांना खाटा देऊन जे उरेल ते ट्रान्सफरवाल्यांना मिळायचं, आणि उरायचं ते बहुधा अठरा वर्षांच्या दोघांबरोबर तिघांच्या खोलीतला वरचा बंक. यूसीएलएनं २०२२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना चार वर्षांची आणि ट्रान्सफरवाल्यांना दोन वर्षांची राहण्याची हमी दिली. तुझ्या बर्कलीत २०२४ साली हेलन डिलर अँकर हाउस ही ७७२ खाटांची इमारत मुद्दाम ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी उघडली. अशी सोय देणारी विद्यापीठं अजून थोडीच आहेत. ती समोर आलेली असताना सहजासहजी सोडू नकोस.

पैशाचं बघू, कारण दरमहा साडेचारशेचा फरक आईबाबांना दिसतोय. महिन्याचा आकडा फसवा असतो. वर्षाचा काढ.

विद्यापीठ: १,७०० गुणिले नऊ, १५,३००. वीज, पाणी, इंटरनेट, पलंग, टेबल सगळं त्यात, असं तुझ्या पत्रात आहे.

साउथसाइड: १,२५० गुणिले बारा, १५,०००. वीज-इंटरनेटचा तुझा वाटा महिना नव्वद धरला तर वर्षाचे १,०८०. गादी, टेबल, खुर्ची, दिवा जुनं घेतलं तरी सहाशे. झाले १६,६८०.

म्हणजे स्वस्त घर १,३८० डॉलरनं महाग पडलं. उन्हाळ्यात तीन महिने खोली साडेसातशेनं सबलीज केलीस, म्हणजे दुसऱ्याला पोटभाड्यानं दिलीस, तर २,२५० वजा होऊन १४,४३० येतात, म्हणजे विद्यापीठापेक्षा ८७० कमी. पण ती सबलीज मिळालीच पाहिजे. मे महिन्यात अर्धं गाव आपापली खोली सबलीजवर काढतं, त्यामुळे भाव पडतो. शिवाय घरमालकाची लेखी परवानगी लागते. उन्हाळ्यातही तू बर्कलीतच राहणार हे नक्की असतं तर बारा महिन्यांची लीज तुला सोयीची होती. तुला इंटर्नशिप कुठल्या गावात मिळेल हे आज कुणालाच माहीत नाही.

लीज बारा महिन्यांची आहे यापेक्षा मला तिच्यातलं एक वाक्य जास्त खुपतं. तू पाठवलेल्या मजकुरात चारही भाडेकरू ‘एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्या’ जबाबदार असल्याचं लिहिलंय. याचा अर्थ असा. घराचं भाडं पाच हजार. जानेवारीत एक जण शिक्षण सोडून घरी निघून गेला, तर त्याचे साडेबाराशे घरमालक उरलेल्या तिघांकडून वसूल करू शकतो. तिघांकडूनच असंही नाही, एकट्या तुझ्याकडूनही मागू शकतो. जुन्या मैत्रीत हे निभावून नेतात. ओळख नसलेल्या तिघांसाठी तू पाच हजारांची हमी का द्यायचीस? विद्यापीठाच्या करारात, आणि विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या खासगी इमारतींतही बहुतेक ठिकाणी, करार खाटेपुरता असतो. शेजारी गेला तर ती डोकेदुखी इमारतवाल्याची. लीज वाचताना मी सगळ्यात आधी हे एकच वाक्य शोधते, भाडं त्यानंतर.

चौथा पर्याय तू लिहिलेला नाहीस. बर्कली स्टुडंट को-ऑपरेटिव्ह, १९३३ पासून विद्यार्थीच चालवतात. हजारावर मुलं तिच्या वेगवेगळ्या घरांत राहतात. आठवड्याला साधारण पाच तास काम करायचं, म्हणजे स्वयंपाक, भांडी, झाडलोट, दुरुस्ती, आणि त्या बदल्यात जेवणासकट राहणं बाजारभावापेक्षा बरंच कमी पडतं. लोथलोरियन हे त्यातलं शाकाहारी घर. घरं मोठी असतात, गजबजलेली असतात आणि सगळी सारखी स्वच्छ असतीलच असं नाही. पण सांडशीनं एकच भांडं दोघांनी उचलताना जी ओळख होते ती डायनिंग हॉलमध्ये होत नाही. १५,३०० डोईजड होत असतील तर मामांच्या आधी मी तुला इकडे पाठवीन. आजच नाव नोंदव, तिथंही रांग असते. अशा को-ऑप ॲन आर्बर, मॅडिसन आणि ऑस्टिन या विद्यापीठांच्या गावांतही आहेत, तिकडे जाणाऱ्यांनी जरूर बघाव्यात.

‘कॅम्पसच्या जवळ’ या शब्दांवर मोठ्या विद्यापीठात विसंबू नये. कुठल्या कॅम्पसच्या, कुठल्या टोकाच्या? न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचा न्यू ब्रन्सविकमधला पसारा पाच तुकड्यांत आहे: कॉलेज ॲव्हेन्यू, बुश, लिव्हिंगस्टन, कुक आणि डग्लस. मधून नदी वाहते आणि मुलं वर्गातून वर्गात बसनं जातात. इंजिनिअरिंगवाल्यानं कॉलेज ॲव्हेन्यूला खोली घेतली तर रोजची बस ठरलेली, कारण त्याची शाखा बुशवर. मिशिगनला ॲन आर्बरमध्ये इंजिनिअरिंग नॉर्थ कॅम्पसवर आणि बाकीचं बरंच सेंट्रलवर. तुझंही तसंच. साउथसाइडचं घर कॅम्पसला लागून असलं तरी तुझी शाखा बरोबर विरुद्ध टोकाला, चढावर आहे. आपल्या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) वर्गांची वेबसाइटवरची मागच्या वर्षीची यादी काढ, इमारती नकाशावर टिंबांनी मांड आणि त्या टिंबांपासून अंतर मोज.

तू क्युपर्टिनोला आहेस, तर जागा डोळ्यांनी बघून ये. दोनदा जा: एकदा सकाळी आठला आणि एकदा रात्री दहाला. रात्रीच्या वेळी लायब्ररीपासून दारापर्यंत चालत ये. तो रस्ता तू आठवड्यातून चार रात्री चालणार आहेस.

जुनं लाकडी घर बघताना नळ उघडून गरम पाणी किती वेळात येतं ते बघ, खिडक्या उघड-बंद कर, सिंकखालच्या कपाटात डोकं घालून वास घे. धुराचा अलार्म छताला आहे का ते बघ. तळमजल्यावर पार्किंग आणि वर खोल्या अशी इमारत असेल तर भूकंपासाठी तिचं मजबुतीकरण झालंय का हे विचार. हेवर्ड फॉल्ट ही भूकंपाची भेग बर्कलीच्या स्टेडियमखालूनच जाते. आणि बाल्कनीवर घोळक्यानं उभं राहू नकोस. जून २०१५ मध्ये बर्कलीतच किट्रेज स्ट्रीटवर एका अपार्टमेंटची बाल्कनी वाढदिवसाच्या पार्टीत कोसळली आणि सहा तरुण मुलं गेली. आतलं लाकूड ओलीनं कुजलेलं होतं, वरून काही दिसत नव्हतं. त्यानंतर कॅलिफोर्नियात अशा बाल्कन्यांची तपासणी सक्तीची करणारा कायदा झाला. तपासणी झाली का, हे घरमालकाला सरळ विचारता येतं. विचारलेलं त्याला आवडलं नाही, तर तेही एक उत्तरच समज.

जे परगावाहून घर शोधतायत त्यांनी व्हिडिओ कॉलवर हेच सगळं करून घ्यावं. समोरच्याला रस्त्यावरून दार उघडून आत यायला सांगावं, चालू कॉलमध्ये. फोटो पाठवतो, मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरनं येईल, आधी डिपॉझिट झेलनं (पैसे पाठवायची सेवा) पाठवा, असं कुणी म्हणालं की तिथंच थांबावं. झेलनं गेलेले पैसे परत आणणं फार अवघड असतं. मी ऑफिसात पाहिलेल्या फसवणुकींत नवनवे ट्रान्सफरवाले जास्त असायचे, कारण जूनमध्ये त्यांना घाई असते आणि गावात विचारायला कुणी नसतं.

घाई का असते, तेही सांगते. यूसीत पहिल्या वर्षाच्या मुलांनी प्रवेश स्वीकारायची मुदत १ मे आणि ट्रान्सफरवाल्यांची १ जून. निकालच उशिरा लागतात. तोवर गावातली चांगली घरं गेलेली असतात; ॲन आर्बर किंवा ऑस्टिनसारख्या गावांत तर पुढच्या वर्षाच्या लीज आदल्या हिवाळ्याच्या आधीच व्हायला लागतात. मॅडिसनमध्ये अनेक लीज १४ ऑगस्टला संपतात आणि नव्या १५ला सुरू होतात, त्यामुळे एक रात्र शेकडो मुलांना घरच नसतं, सामान फुटपाथवर. तू १ जूनची वाट बघू नकोस. प्रवेश स्वीकारणं आणि हाउसिंगचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मुदतीही वेगळ्या. एक केलं की दुसरं आपोआप होतं असं समजून बसलेली मुलं मी दरवर्षी बघितली.

एफ-१वाल्यांना बाहेर घर घेताना एक जादा अडचण येते. इथला क्रेडिटचा इतिहास नाही, सोशल सिक्युरिटी नंबर बहुतेकदा नोकरी लागल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे घरमालक को-सायनर, म्हणजे भाड्याची हमी घेऊन सही करणारा, मागतो. मामा सही करतीलही, पण ‘एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्या’ या वाक्याखाली मामांची सही म्हणजे चार मुलांच्या भाड्याला मामा हमीदार. हे त्यांना समजावून मगच विचार. विद्यापीठाच्या घरांना सहसा ही भानगड नसते. डिपॉझिट कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. अगदी छोट्या घरमालकांना दोन महिन्यांची मुभा आहे. घर सोडल्यावर २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा हिशोब मिळायला हवा. आत जाताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढ आणि स्वतःलाच ईमेल कर, तारीख आपोआप पडते. पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत तो विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळव. मामांच्या पत्त्यावर नाव ठेवून राहायचं दुसरीकडे, असं करू नकोस. व्हिसाचा प्रश्न आहे. रेंटर्स इन्शुरन्सही (भाडेकरूचा विमा) घे, महिन्याला थोडक्यात होतो. भूकंप मात्र त्यात सहसा नसतो.

तुझ्यासारखाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी. काही विद्यापीठांत सुरुवातीची वर्षं कॅम्पसवर राहणं सक्तीचं असतं आणि ती सक्ती ट्रान्सफर होऊन आलेल्यालाही लागू शकते. कुठं जमा क्रेडिट बघतात, कुठं बारावी होऊन किती वर्षं झाली ते. बाहेर सही करण्यापूर्वी हे विचारा, नाहीतर दोन भाडी गळ्यात पडतात. आणि लग्न झालेलं असेल, मूल असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. तुम्हाला कौटुंबिक घरं लागतात. बर्कलीसाठी ती शेजारच्या ऑल्बनी गावात युनिव्हर्सिटी व्हिलेजमध्ये आहेत. तिथं अर्ज वेगळा, रांग वेगळी, आणि मुलांच्या शाळेचं अंतर आधी बघायचं.

दुसऱ्या वर्षाचं बोलते. नोव्हेंबरपर्यंत तुला चार-पाच माणसं अशी भेटलेली असतील ज्यांच्याबरोबर रात्री एकपर्यंत प्रश्न सोडवलेत. कोण भांडी तशीच टाकतं, कोण पैसे वेळेवर देतं, कोण परीक्षेच्या आधी आरडाओरडा करतं, हे तोवर कळतं. त्यांच्यातल्या दोघांना जानेवारीत विचार, आणि मग तिघं मिळून साउथसाइडलाच काय, हव्या त्या गल्लीत घर बघा. तेव्हा बारा महिन्यांची लीज मी स्वतः तुला घे म्हणेन. ती सही करण्यापूर्वी बर्कलीच्या रेंट बोर्डात जाऊन ये, तिथले समुपदेशक भाडेकरूंना फुकट सल्ला देतात.

आता या आठवड्याचं काम. हाउसिंग ऑफिसला आज ईमेल लिही आणि तीन गोष्टी लेखी विचार: हिवाळ्याच्या सुट्टीत राहता येतं का, मध्येच करार सोडला तर किती पैसे जातात, आणि मील प्लॅन (विद्यापीठाच्या जेवणाचे आगाऊ पैसे) सक्तीचा आहे का. मील प्लॅन सक्तीचा निघाला तर माझा वरचा हिशोब बदलेल, तेव्हा तो आकडा मला कळव, आपण पुन्हा मांडू. उत्तरं ठीक आली की तिथं सही कर. साउथसाइडच्या मुलांना रविवारची वाट बघायला लावू नकोस, शुक्रवारीच स्पष्ट नाही कळव, म्हणजे त्यांना चौथा शोधायला दोन दिवस मिळतील. आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातला कुणी पदवी घेऊन बाहेर पडणार असेल तर सांगा, असंही त्यात लिही.